ते होतंच

शुद्धीवर आल्यावर सिस्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो दुखण्याचा. "शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. किती आहे, सांगा." पोटावर चार ठिकाणी पट्ट्या होत्या. दुर्बिणीतून पित्ताशय काढलं होतं आणि सगळ्यांच्या नजरा त्या चार पट्ट्यांवर होत्या. पण पोट अजून कुठेतरी लांब होतं, माझं नसल्यासारखं. मी सलाईन नसलेला हात उचलला आणि गळ्याकडे बोट दाखवलं. त्या जराशा वाकल्या, "घसा ना? ते होतंच," म्हणाल्या, कागदावर एक आकडा टाकला आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या. माझ्या नावापुढे कुठला आकडा पडला, ते मला अजून माहीत नाही.

त्यांचं काही चुकलं असं नाही. आवाजात त्रासिकपणा नव्हता, उलट धीर देण्याचाच सूर होता. शिवाय ते खरंही होतं. पण ते दोन शब्द माझ्या डोक्यात रुतून बसले. पोटाला भोकं पाडणार, हे मला आधी चित्र काढून समजावलं होतं. ऑपरेशनच्या वेळी पोट फुगवायला जो गॅस भरतात, त्यामुळे दोन दिवस खांदा दुखेल, हेसुद्धा सांगितलं होतं. पोट फुगवलेलं आणि दुखणार खांदा, याची मला गंमतच वाटली होती. घशाबद्दलही सांगितलं असेल; सही केलेल्या त्या चार पानांत कुठेतरी एक ओळ असणारच. पण मी पित्ताशयाच्या काळजीत होते. घसा माझ्या गावीच नव्हता.

आवंढा हा शब्द मला आजवर कथाकादंबऱ्यांतूनच भेटला होता. कुणीतरी निरोप घेतं, कुणाचं तरी पत्र येतं आणि कुणीतरी आवंढा गिळतं. त्या रात्री मी खरे आवंढे गिळले आणि एकेक मोजला. माणूस दिवसभरात किती वेळा गिळतो याचा कधी विचारच केलेला नसतो. गिळायचं नाही असं ठरवलं की तोंडात लाळ जमत राहते, जमलेली लाळ जिभेच्या मागे सरकते आणि मग शरीर परवानगी न घेता गिळून मोकळं होतं. त्या क्षणी घशात दोन्ही बाजूंनी काहीतरी चिमटीत धरल्यासारखं व्हायचं आणि कळ थेट उजव्या कानात जायची. कानाचा काय संबंध, असं वाटायचं. पण घशाच्या आणि कानाच्या संवेदना नेणाऱ्या नसा एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे मेंदूला पत्ता नीट कळत नाही. आपल्याकडे घशाला किती क्रियापदं आहेत! घसा बसतो, धरतो, सुकतो, खवखवतो, फाटतो. मला होत होतं ते यांतल्या कशातच बसेना. घसा वापरल्यासारखा वाटत होता. आपण घरी नसताना कुणीतरी येऊन, खुर्च्या सरकवून, निघून गेल्यासारखा.

आणि झालं होतं तेच.

पूर्ण भूल दिली की आपला श्वास आपला राहत नाही. भुलीबरोबर स्नायू सैल करणारं औषध दिलेलं असतं, त्यामुळे श्वास यंत्राकडे सोपवावा लागतो. त्यासाठी जीभ एका पात्याने उचलून बाजूला धरतात आणि दोन स्वरतंतूंच्या मधल्या फटीतून एक नळी श्वासनलिकेत सरकवतात. बायकांसाठी साधारण सात-साडेसात मिलिमीटर आतला व्यास असलेली. नळीच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो. तो आत गेल्यावर फुगवतात, म्हणजे हवा बाजूने निसटत नाही आणि पोटातलं काही वर आलं तरी फुफ्फुसात उतरत नाही. त्या फुग्यातला दाब वीस ते तीस सेंटीमीटर पाण्याच्या दाबाइतका ठेवायचा असतो. त्याहून जास्त झाला तर श्वासनलिकेच्या आतल्या नाजूक अस्तराचा रक्तपुरवठा दबतो. सगळं अगदी नियमाप्रमाणे झालं तरी तासदोन तास परकी वस्तू तिथे टेकलेली असतेच. वर कोरडी हवा, रात्रीपासूनचा उपास आणि शेवटी तोंडातली लाळ ओढून घेणारी वेगळी नळी. एवढं सगळं झाल्यावर घसा कुरकुरला नसता तरच नवल. एरवी पाण्याचा एक थेंब चुकून त्या वाटेला गेला तर आपण डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकतो. त्याच वाटेने माझ्या नकळत एवढी मोठी नळी गेली, राहिली आणि परत आली, आणि मला त्यातलं काहीही आठवत नाही. याचं मला कृतज्ञतेइतकंच थोडं विचित्रही वाटतं.

दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. तिसऱ्या दिवशी पहाटे जाग आली ती घशात काहीतरी अडकलंय या भावनेने. गिळलं की ते खाली जायचं आणि लगेच वर येऊन जिभेवर टेकायचं. ओकारी येईल असं वाटायचं. मोबाईलचा टॉर्च लावून आरशासमोर आ केला आणि घाबरले. पडजीभ एरवीच्या दुप्पट झाली होती, पाण्याने भरल्यासारखी चकचकीत, आणि टोक चक्क जिभेवर लोळत होतं. मराठीने तिचं नाव ठेवतानाच तिच्या पडण्याची सोय करून ठेवली आहे, हे मला तेव्हा सुचलं नाही; तेव्हा मला फक्त श्वास बंद होणार असं वाटत होतं. हॉस्पिटलच्या नंबरवर फोन केला. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी ओळीने प्रश्न विचारले. श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज येतोय का? लाळ गिळता येतेय की तोंडातून गळतेय? आडवं झाल्यावर गुदमरतंय का? ताप? अंगावर पुरळ, ओठ किंवा चेहरा सुजलाय? सगळ्याला नाही. मग ते म्हणाले, नळीच्या दाबाने किंवा लाळ ओढताना पडजीभ अशी सुजते कधीकधी, एकदोन दिवसांत उतरते. उशा रचून अर्धवट बसून झोपा, बर्फ चघळा. आणि मघाशी विचारलं त्यातलं एक जरी सुरू झालं, तर फोन करत बसू नका, सरळ निघा. 'सरळ निघा' म्हणताना त्यांचा आवाज बदलला होता. मला का कोण जाणे, त्यानेच धीर आला. इथे 'ते होतंच' कुठे संपतं, हे कुणीतरी रेघ ओढून दाखवलं होतं.

टॉर्च आणि आरसा घेऊन आपल्याच घशात डोकावणारी मी पहिली नव्हे, हे नंतर पलंगावर पडल्यापडल्या वाचलं. मान्वेल गार्सिया नावाचा गाणं शिकवणारा मास्तर होता. गळ्यातून सूर कसा निघतो हे त्याला डोळ्यांनी पाहायचं होतं. १८५४ साली त्याने दंतवैद्याचा लांब दांड्याचा आरसा घेतला, गरम पाण्यात धरून कोमट केला म्हणजे वाफ धरणार नाही, आणि तो पडजिभेला टेकवला. दुसऱ्या हातातल्या आरशाने सूर्यप्रकाश तोंडात सोडला आणि त्याला स्वतःचे स्वरतंतू उघडताना-मिटताना दिसले. हा माणूस पुढे एकशे एक वर्षांचा होईपर्यंत जगला. मला त्यातला कोमट आरसा फार आवडला. काहीही न सुजलेल्या पडजिभेला गार काच लावून पाहा, म्हणजे कळेल. त्यानंतर चोवीस वर्षांनी, १८७८ मध्ये, ग्लासगोच्या विल्यम मॅकएवेन या सर्जनने तोंडातून श्वासनलिकेत नळी घालून भूल दिली. रोग्याच्या जिभेच्या मुळाशी गाठ होती. नळी घातली बोटांनी चाचपत, आणि रोगी जागा असताना. हे वाचलं आणि मी माझी तक्रार निदान दुपारपुरती तरी मागे घेतली.

संध्याकाळी ती परत आली, कारण खोकला सुरू झाला. घसा दुखण्याचा खरा जाच एकट्या घशाला नसतोच. घशात खवखव, म्हणून खोकला. खोकला आला की पोटावरचे चारही टाके एकदम हजेरी देतात. उशी पोटाशी घट्ट धरून खोकायचं, हे शिकवलं होतं. तशी मी उशी कवटाळून बसायची आणि खोकल्याची वाट पाहायची. खाकरून घसा मोकळा करावा असा मोह सारखा व्हायचा. खाकरलं की क्षणभर बरं वाटायचं आणि पाच मिनिटांत पहिल्यापेक्षा जास्त खवखवायचं. सुजलेले स्वरतंतू एकमेकांवर आपटायचे, दुसरं काय. यावर उपाय फारच साधा निघाला: खाकरावंसं वाटलं की पाण्याचा एक घोट घ्यायचा. मी उशाशी बाटली ठेवली आणि दिवसभर चिमणीसारखी चोच बुडवत राहिले. या सगळ्यात घशाला सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर या घोटांचा, असं माझं मत आहे. ते औषधात मोडत नाहीत, म्हणून त्यांचं कुणी नाव घेत नाही.

गुळण्यांचं मात्र सगळेच नाव घेतात. पेलाभर कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ. मीठ सुजलेल्या भागातलं थोडं पाणी ओढून घेतं, चिकट थर धुऊन निघतो आणि तासभर हलकं वाटतं. बरं करत नाही, सुसह्य करतं. पण मान मागे टाकून आवाज काढत गुळण्या करायच्या म्हणजे पोट ताणलं जातं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. पहिल्याच गुळणीला बेंबीजवळचा टाका असा ओढला गेला की मी पाणी अर्धं बेसिनमध्ये आणि अर्धं गाऊनवर सोडलं. मग पाणी तोंडात घेऊन मान थोडीशीच वर करायची, तीस आकडे मोजायचे आणि सोडायचं, अशी बिनआवाजी गुळणी मी शोधून काढली. टॉन्सिल काढलेल्यांना तर जोरात गुळण्या करूच नका म्हणून सांगतात, तिथली खपली सुटली तर रक्त येतं. म्हणजे घसा एकच असला तरी त्याच्याशी काय झालंय ते आधी विचारायला हवं. एंडोस्कोपीच्या आधी फवारा मारून घसा बधिर केला असेल, तर बधिरपणा जाईपर्यंत पाणीसुद्धा नको. ते कुठल्या वाटेने जातंय हेच कळत नाही. आणि ऑपरेशनच्या आधी ज्येष्ठमधाच्या पाण्याने गुळण्या केल्या तर नंतर घसा कमी दुखतो, असं व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं होतं. हे मला कळलं तेव्हा वरातीमागून घोडं आणण्यात अर्थ नव्हता.

आवाजाचं प्रकरण वेगळंच. माझा आवाज घोगरा झाला होता, म्हणून मी कुजबुजत बोलत होते. मी कुजबुजले की समोरचाही कुजबुजायचा. मुलगा, वहिनी, दारावर आलेला माणूससुद्धा. दोन दिवस घरात कट शिजत असल्यासारखं वातावरण होतं. मग भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तब्येत विचारायला फोन केला तेव्हा माझी कुजबुज ऐकून ते म्हणाले, "हे बंद करा. बोलायचंच असेल तर हळू, पण साध्या आवाजात बोला. नाहीतर गप्प बसा." कुजबुजताना पुष्कळदा स्वरयंत्र आवळलं जातं आणि घशाला विश्रांतीऐवजी कष्टच होतात, हे मला नवीन होतं. मी दुसरा पर्याय निवडला. गप्प बसले. आवाज दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत झाला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, असंही ते म्हणाले. तशी वेळ आली नाही.

गप्प बसल्यावर माणसाला जुनं आठवतं.

घसा म्हटलं की गरम, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की बर्फाला मी दोन दिवस हातच लावला नव्हता. पडजिभेच्या त्या पहाटेनंतर मात्र मी फ्रीजरमधून ट्रे काढला, उलटा करून पिळला आणि एक तुकडा तोंडात टाकला. आधी तो जिभेला चिकटला. मग कडा विरघळल्या आणि त्याचं गार पाणी एकेक थेंब मागे उतरायला लागलं. इतकं हळू, की गिळल्याचं घशाला कळतही नव्हतं. थोड्या वेळाने दुखणं होतं तिथे नुसता गारवा उरला. मी ओट्याला टेकून उभी होते, हातात ट्रे होता, ट्रेमध्ये दोन ओळींत चौकोन. आणि मला अण्णांचं बोट आठवलं.

अण्णांची बायपास झाली तेव्हा त्यांच्या घशातली नळी रात्रभर होती, दुसऱ्या दिवशी काढली. संध्याकाळी एकेकाला आत सोडलं. आवाज फुटत नव्हता. ते माझ्याकडे बघून हवेत बोटाने एक चौकोन काढत होते. चौकोन, मग बोट ओठांवर, मग पुन्हा चौकोन. मी विचारलं, चष्मा? मान नकारार्थी हलली. वही? नाही. बोलायला फोन हवाय? नाही. भावाला वाटलं खिडकी, म्हणून त्याने सिस्टरांना विचारून पडदा सरकवला. बाहेर उजेड होता. अण्णांनी तिकडे पाहिलंच नाही, गळ्याला हात लावला आणि डोळे मिटले. मी त्यांच्या कपाळावरून हात फिरवत म्हटलं, "अण्णा, घशात नळी होती ना, म्हणून दुखतंय. ते होतंच. हार्टचं काम एकदम छान झालंय." हे मी म्हटलं होतं, शब्दाला शब्द. आणि सगळं बाहेर येऊन आनंदाने सांगितलं होतं की अण्णा ओळखतायत, खुणा करतायत.

शेजारच्या पलंगावरच्या माणसाला सिस्टर चमच्याने बर्फाचे कण भरवत होत्या, हे मी तेव्हा पाहिलं होतं. नळी काढल्यावर गिळणं नीट जमतंय का याचा अंदाज येईपर्यंत पाण्याचा पेला हातात देत नाहीत, आधी ओला बोळा, मग असे कण, असं काहीसं असतं. अण्णांनीही ते पाहिलं असणार. पण बर्फाचे कण चौकोनी नव्हते, चुरा होता. त्यामुळे चौकोन म्हणजे बर्फच, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. खिडकीही असेल, पडदा नको तिकडचा सरकवला असेल. पुढे घरी आल्यावर त्यांनी कधी विषय काढला नाही, मीही विचारलं नाही. नंतर ते नऊ वर्षं जगले. दररोज बोलत होतो आम्ही. नऊ वर्षांत एकदाही मला तो चौकोन आठवला नाही आणि स्वतःची पडजीभ सुजल्यावर आठवला, यात कौतुक करण्यासारखं काही नाही. तुकडा विरघळला तशी मी दुसरा घेतला. त्यानंतर घसा बराच वेळ शांत होता, मी नव्हते.

नंतरचं सांगण्यासारखं फार नाही. पोटासाठी दिलेली वेदनाशामक गोळी घशालाही चालत होती, त्याच्यासाठी वेगळं काही लागलं नाही. चघळायच्या गोळ्यांनी लाळ सुटायची, तेवढाच ओलावा. आंबट आणि तिखट मी आपणहून टाळलं, कारण एकदा मोसंबीचा रस प्यायले आणि तो उतरला तिथपर्यंतचा रस्ता मला नकाशासारखा कळला. रात्री खोलीत पाण्याचं रुंद पातेलं उघडं ठेवायची; त्याने हवेत ओलावा किती आला देव जाणे, पण पहाटे आवंढा टोचायचा कमी झाला. पडजीभ चौथ्या दिवशी अर्धी उतरली, पाचव्या दिवशी जागेवर. मी रोज सकाळी टॉर्च घेऊन तिला बघत होते. मग एक दिवस बघायला विसरले.

दहाव्या दिवशी टाके दाखवायला गेले. सिस्टर त्याच होत्या. मला ओळखलं नसावं, ओळखायचं काही कारणही नव्हतं. पट्टी काढताकाढता त्यांनी विचारलं, "काय, कसं आहे आता?"

"घसा अगदी बरा आहे," मी म्हटलं.

त्या थांबल्या, फाईल उघडून पाहिली आणि म्हणाल्या, "पण तुमचं तर पोटाचं होतं ना?"